बंब विकायच्या आदल्या दिवशी

"मग काय करू, बुवा? विकून टाकू ना बंब?"

अच्युतरावांनी पुन्हा तेच विचारलं.

बुवा चिमट्यानं धुनीतलं लाकूड सारखं करत बसले.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या माझ्या दारात मोर्चा येईल, आणि या वयात मोर्चाला चहा पाजायची मला हौस नाही. कापसाचं गाव आहे एवढं धरून चाला. गावाला नगरपालिका आहे, नगरपालिकेकडं आगीचा एकच लाल बंब आहे, आणि गावाबाहेर टेकाडावर आमच्या हिरागिरी बुवांचा मठ आहे. मठात झाडलोट मी करतो, चहा मी टाकतो, आणि आल्यागेल्यावर चिडायचं कामही माझ्याकडंच आहे.

अच्युतराव वायकोस म्हणजे आमचे नगराध्यक्ष. पोरवयापासून मठात येणारा माणूस. भाषणात छाती पुढं काढून सांगतो, मी हिरागिरी बुवांचा पट्टशिष्य. बुवांच्या तोंडून मी हे कधी ऐकलेलं नाही.

"उद्या सभा आहे," अच्युतराव म्हणाले. "पैसा कुठून आणायचा हाच विषय. वरून येणारं अनुदान आटलं. पाण्याच्या मोटारी चालवायच्या, दिव्यांचं बिल भरायचं, गटारं काढायची. सगळं कसं भागवायचं?"

"कसं भागवतात?" बुवांनी विचारलं.

"एक तर घरपट्टी वाढवायची. नाहीतर एखादं खातं बंद करायचं."

"मग घरपट्टी वाढव."

अच्युतराव हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं, ओठ नुसते फाकले.

"बुवा, मागच्या अध्यक्षानं वाढवली होती. भर चौकात चपलांचा हार घातला त्याच्या गळ्यात. त्याची बायको आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मी बघितलंय ते. मी नाही वाढवणार."

"भितोस?"

अच्युतराव सतरंजीचा दोरा ओढायला लागले.

"कुणाला भितोस?"

"लोकांना," अच्युतराव हळूच म्हणाले. "खोटं कशाला बोलू? रात्री झोप लागत नाही मला."

चहाचा कप मी त्यांच्यापुढं जरा आपटूनच ठेवला. लोकांना भिणारा माणूस लोकांच्या खुर्चीत बसतोच कशाला? पण बुवांपुढं मी तोंड उघडत नाही. निदान लगेच तरी नाही.

"म्हणून बंब," अच्युतराव सांगायला लागले. आता आवाजात जरा दम आला, घरून पाठ करून आणलेलं असावं. "बंबावर किती खर्च होतो, बुवा! ड्रायव्हर, माणसं, डिझेल. आणि वर्षातून आग लागते कितीदा? बंब आपला शेडमध्ये उभा. दसऱ्याला झेंडूची माळ घालायची आणि पुन्हा उभा. तो विकला, माणसं पाण्याच्या खात्यात घेतली, की घरपट्टी न वाढवता दोन वर्षं निघतात."

"आणि आग लागली तर?"

"तालुक्याला फोन करायचा. त्यांचा बंब येईल."

"किती वेळात?"

"तासाभरात… रस्ता बरा असला तर."

बुवांच्या शेजारी निरांजनाच्या वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस होता. त्यातला मूठभर त्यांनी उचलला आणि धुनीत टाकला. भक् झालं. बघता बघता काही उरलं नाही.

"झाला का तास?" बुवांनी विचारलं.

मला हसू आलं. अच्युतरावांना आलं नाही.

"तुम्ही चेष्टा करताय, बुवा. मी अडचणीत आहे. सभेत निम्मे नगरसेवक माझ्या बाजूला, निम्मे विरोधात. तुमचा आशीर्वाद आहे एवढं मी बोललो ना, की गप्प बसतील सगळे."

आत्ता कळलं मला, स्वारी टेकाड चढून का आली होती ते.

"लोक काय म्हणतील, बंब कुठं गेला म्हणून?" बुवा म्हणाले.

"कळणारही नाही त्यांना!" अच्युतराव पुढं सरकले. "मी भोंगा ठेवणार आहे ना. लोकांना भोंगा लागतो, बंब नाही. रोज दुपारी बाराला भोंगा झाला, लोकांनी घड्याळ लावलं, बायांनी कुकर उतरवला, की गाव खूश. भोंग्याला खर्च काय? एक बटण."

भोंग्याचं जरा सांगायला पाहिजे. नगरपालिकेच्या गच्चीवर तो आहे. रोज बाराला वाजतो तेव्हा कुणी मानही वर करत नाही. पण अवेळी वाजला की समजायचं, आग. मग आमच्या गावात एक गोष्ट होते, ती दुसऱ्या गावात होते का मला ठाऊक नाही. सगळा बाजार वाट मोकळी करतो. कुणी हुकूम सोडत नाही, शिट्टी मारत नाही. हातगाड्या पायऱ्यांवर चढतात, मोटारसायकली उचलून ओट्यावर जातात, माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात. एकदा तर खांदेकऱ्यांनी तिरडी घेऊन मारुतीच्या ओट्यावर चढून वाट दिली होती. मग नगरपालिकेच्या फाटकातून घणघण करत बंब निघतो आणि सरळ जातो. इस्माईल ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. या गावाला दुसरं काही धड जमत नाही, पण हे जमतं.

"म्हणजे भोंगा राहणार," बुवा म्हणाले.

"राहणार."

"आणि बंब जाणार."

"उद्या ठराव झाला की."

"आत्ता कुठाय बंब?"

अच्युतरावांनी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, हे मी बघत होतो.

"अच्युता… आत्ता कुठाय बंब?"

"तालुक्याला पाठवलाय. गिऱ्हाईक म्हणालं, गाडी चालवून बघतो. नुसता दाखवायला, बुवा. संध्याकाळी परत येईल."

"इस्माईल?"

"तोच घेऊन गेलाय. माणसंही गेली बरोबर. पाण्याचा फवारा मारून दाखवायचा होता."

मी दाराबाहेर येऊन खाली गावाकडं पाहिलं. चैत्राचं ऊन, सकाळपासून सुटलेला वारा, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठींच्या थप्पी, आणि गावात बंब नाही! ठराव व्हायचाय उद्या आणि ह्या शहाण्यानं बंब आजच धाडला! इतका वेळ आम्ही इथं चहा पीत होतो आणि खाली गाव तसंच उघडं पडलं होतं.

"अहो, कुणाला सांगून तरी पाठवलात का?" मी ओरडलो. बुवांपुढं ओरडलो, पण ओरडलो.

"कशाला सांगायचं? उगाच बोभाटा." अच्युतराव माझ्याकडं न बघता म्हणाले. "एका दुपारीत काय होतंय?"

वारा आला. धुनीतून दोन ठिणग्या उडाल्या आणि छपराकडं गेल्या. मी रोज बघतो त्या ठिणग्या. आज त्या विझेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

बुवा उठले. कोपऱ्यातली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी धुनीवर ओतली.

चर्र आवाज झाला. धूर झाला. मी "बुवा!" म्हणून पुढं धावलो, पण उशीर झाला होता.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. ही धुनी बुवांच्या गुरूंनी पेटवलेली. बुवा तापानं फणफणले तरी उठून तिच्यात लाकूड सारायचे. पूर आला होता तेव्हा आम्ही तिचे निखारे घमेल्यात घेऊन छातीएवढ्या पाण्यातून गेलो होतो. ती धुनी माझ्यासमोर काळी पडली. रडू आलं मला, सांगायला लाज कसली?

अच्युतराव उभे राहिले होते.

"बुवा… धुनी का विझवली?"

"आज बंब नाही," बुवा म्हणाले.

आणि चालायला लागले.

टेकाडावरून गावात यायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला. बुवा पुढं, काठी टेकत. मागं अच्युतराव. सगळ्यांच्या मागं मी, भिजलेल्या राखेचा वास नाकात घेऊन.

बाजारात शिरलो. आठवड्याचा बाजार होता, त्यामुळं पाय ठेवायला जागा नव्हती. भज्यांच्या गाडीवर कढई उकळत होती आणि तिच्या वर ताडपत्री फडफडत होती. ही गाडी मी जन्मभर बघत आलोय. आज मला तिथं फक्त जाळ दिसला आणि ताडपत्री दिसली. पुढं एक वेल्डिंगवाला फाटक जोडत बसला होता, निळ्या ठिणग्या पार रस्त्यावर येत होत्या. पानाच्या टपरीशी एकानं बिडी ओढली आणि थोटूक न बघता मागं फेकलं.

अच्युतराव थांबले. परत वळले आणि ते थोटूक बुटानं रगडून रगडून विझवलं. पानवाला बघतच राहिला.

"काय साहेब, स्वच्छता अभियान का?"

अच्युतराव तसेच पुढं निघाले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

सरकी गल्लीच्या तोंडाशी बुवा थांबले. ही गल्ली अशी की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन बाया एकमेकींना वाटीभर साखर देऊ शकतात. खाली सगळी सरकीची आणि रुईची गोदामं, वर माणसं राहतात. अच्युतरावांची एकुलती मुलगी केतकी याच गल्लीत दिली आहे. सासऱ्याचं गोदाम खाली, घर वर, आणि चढायला एकच लाकडी जिना. तिला मुलगा झाला त्याच्या बारशाचे पेढे मठात आले होते, सहा महिने झाले असतील.

बुवांनी गल्लीत नुसतं पाहिलं आणि पुढं निघाले. अच्युतराव मात्र तिथंच उभे राहिले. वरच्या खिडकीत बाळाची दुपटी वाळत होती.

"चला, साहेब," मी म्हणालो. मघाचा राग जरा खाली बसला होता. माणूस लटपटत होता हो.

"सोपानराव," ते हळूच म्हणाले, "इस्माईलला फोन लावतो. म्हणतो, असशील तिथून माघारी फीर."

लावला. रिंग जात राहिली. गाडी चालवताना इस्माईल फोन उचलत नाही, असा नियम खुद्द अच्युतरावांनीच घालून दिलेला.

नगरपालिकेचं आवार सुनसान होतं. बंबाची शेड सताड उघडी. आत फरशीवर काळ्या तेलाचे डाग, खुंट्यांवर टांगलेली दोन शिरस्त्राणं, आणि मागच्या दसऱ्याची वाळलेली माळ. एवढी मोठी जागा रिकामी बघून मला कसंतरीच झालं.

शेडच्या भिंतीवर पेटी होती. पेटीत भोंग्याचं बटण.

"वाजव," बुवा म्हणाले.

"काय?"

"भोंगा वाजव."

"आत्ता? बुवा, चार वाजतायत! बाजार भरलाय. लोक घाबरतील."

"भोंगाच लागतो ना लोकांना?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला…"

"आशीर्वाद पाहिजे ना सभेसाठी?"

अच्युतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? मला स्वतःला बुवांचा राग आला होता. भरल्या बाजारात लेकराबाळांच्या काळजाचं पाणी करायचं, ही कसली भलती परीक्षा? मी म्हणालोसुद्धा, "बुवा, नको. कुणी पडेल, कुणाला लागेल."

"मग ह्यानं सांगावं," बुवा म्हणाले. "लोकांना भोंगा पुरत नाही, असं ह्यानं तोंडानं सांगावं. मी मठात जातो."

अच्युतरावांचा जबडा आवळला. पहारेकरी दारात येऊन उभा राहिला होता, सगळं ऐकत होता. त्याच्यापुढं माघार घ्यायची? नगराध्यक्षानं?

इथंच माणूस फसतो. एक शब्द बोलायचा होता, तो बोलला नाही. पेटी उघडली आणि बटण दाबलं.

डोक्यावर भोंगा उठला. खालून वर, वर, आणखी वर. शेडचा पत्रा थरथरायला लागला. रोज बाराला हाच आवाज येतो, आणि आज मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आग नाही हे मला माहीत होतं. तरी राहिलो.

बाहेरचा बाजाराचा कलकलाट एकदम तुटला.

मग आवाज सुरू झाले. हातगाड्यांची चाकं, शटर, "सर, सर, बाजूला हो", "पोराला उचल", भांडं पडल्याचा आवाज. आणि मग तेही थांबले.

बुवा फाटकाकडं निघाले. फाटक त्यांनी स्वतः उघडलं, दोन्ही दारं, बंबासाठी उघडतात तशी.

समोर मोकळा रस्ता.

पार चौकापर्यंत मोकळा. दोन्ही अंगाला माणसं भिंतीला पाठ लावून उभी. भाजीवाल्या पाट्या कवटाळून उभ्या. भजीवाल्यानं शेगडी विझवली होती. वेल्डिंगवाला काळा चष्मा कपाळावर चढवून उभा. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याचा हात धरला होता. आणि सगळ्यांचे डोळे फाटकाकडं.

सगळे वाट देऊन उभे होते.

त्या रस्त्यावर फाटकातून आम्ही तिघं बाहेर आलो. काठी टेकणारा एक गोसावी, नगराध्यक्ष आणि मी.

लोक आमच्याकडं बघेनात. आमच्या मागं बघत होते.

आम्ही चाललो. अच्युतराव दोन पावलं चालले की थांबायचे, जणू मागून खरंच काही येतंय आणि आपण मध्ये आलोय. एकानं भिंतीपासून न हलता विचारलं, "साहेब, कुठं लागली?" दुसरीकडून कुणी म्हणालं, "अजून कसा निघाला नाही?" आवाज दबलेलेच होते. ओरडलं तर बंबाची घंटा ऐकू यायची नाही, म्हणून इथं कुणी ओरडत नाही.

अच्युतरावांनी तोंड उघडलं. "आग… म्हणजे तसं काही…" भोंगा अजून वाजत होता, आणि तो वाजतोय तोवर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार?

इतक्यात सरकी गल्लीतून कुणीतरी धावत आलं. अनवाणी.

केतकी होती. केस सुटलेले, बाळ छातीशी घट्ट. बाळ रडत नव्हतं, डोळे मोठे करून नुसतं बघत होतं. त्या मोकळ्या रस्त्याच्या मधोमध ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"आबा! कुठं लागलीय? आमच्याकडं नाही ना? खाली सगळी सरकी भरलीय, मला काही सुचेना, मी ह्याला उचललं आणि निघाले." तिला धाप लागली होती. "सासूबाई वरच आहेत, आबा. त्यांना जिना उतरवत नाही. मी म्हटलं त्यांना, घाबरू नका, बंब येतोय. त्यांना तसं सांगून आलेय मी."

अच्युतरावांनी हात पुढं केला. बाळाच्या डोक्यावर ठेवायचा होता बहुतेक. अर्ध्यातूनच त्यांनी तो मागं घेतला.

"केतकी…"

"बंब कुठाय, आबा? मागून येतोय ना?"

भोंगा खाली यायला लागला. खाली, खाली, आणि मग बंद पडला. एवढ्या माणसांच्या बाजारात ताडपत्री फडफडल्याचा आवाज ऐकू येत होता. कुणीही जागचं हललं नाही. वाट तशीच मोकळी होती.

"आबा, बोला ना…"

अच्युतरावांनी बुवांकडं पाहिलं. शाळेत पाढा विसरलेलं पोर मास्तरांकडं बघतं ना, तसं.

बुवांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लोकांना भोंगा पुरतो, असं उद्या सभेत सांगणारच आहेस, अच्युता… आधी हिला सांग."